उलाळ गाडी आणि आडवा वारा

स्लोव्हेनियातल्या विपावा खोऱ्यातून एक द्रुतगती रस्ता इटलीच्या सीमेकडे जातो. हिवाळ्यात या रस्त्याबद्दल एक सूचना वरचेवर दिली जाते. नानोस ते आय्दोव्श्चिना या टप्प्यात बुर्या सुटला आहे. कॅरॅव्हॅन, शीतपेटीच्या गाड्या आणि आठ टनांपर्यंतच्या ताडपत्रीच्या गाड्या यांना मनाई. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि बुर्या हा तिथला वारा. मागच्या पठारावर थंड हवा साचते, जड होते आणि डोंगराच्या धारेवरून ओसंडून समुद्राच्या दिशेने कोसळते. ती सलग वाहत नाही, हिसके देत येते. त्या भागातल्या जुन्या घरांच्या कौलांवर दगड मांडलेले दिसतात. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात, त्याच कारणाने.

मनाईची ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गंमत वाटली होती. सहलीला निघालेलं कुटुंब, मासे नेणारी गाडी आणि ताडपत्रीचा टेम्पो एकाच रांगेत का? खडीचा डंपर मात्र खुशाल जाऊ शकतो. उत्तर आपल्या खेड्यातल्या कुणालाही सांगता येईल. कडब्याची गाडी आणि विटांची गाडी यांत वाऱ्याला कोणती घाबरते, ते त्याला ठाऊक असतं. अंग मोठं आणि वजन थोडं, हाच या तिघांचा समान गुन्हा. त्यातही कॅरॅव्हॅनचा गुन्हा दुहेरी, कारण ती स्वतःच्या पायांवर उभी नसते. कुणाच्या तरी मागे बांधलेली असते.

आधी साधा हिशेब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटर भिंतीवर साधारण ६ किलो वजनाइतका रेटा देतो. वारा ७२ झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे २४ किलो. मध्यम आकाराच्या युरोपीय कॅरॅव्हॅनची एक बाजू सहा मीटर लांब आणि सव्वादोन-अडीच मीटर उंच धरली, तर चौदा चौरस मीटरची भिंत झाली. भिंतीच्या पलीकडे तयार होणारी हवेची ओढही जमेस धरली, की ताशी ७२ च्या आडव्या वाऱ्यात तिच्यावर ४०० किलोच्या आसपास रेटा येतो. आणि सामानासकट तिचं स्वतःचं वजन असतं तेराशे किलो. विटांच्या ट्रकला हे ४०० किलो कळतही नाहीत.

तरी एवढ्याने ती उलटत नाही. दोन मीटर रुंद, तेराशे किलोची पेटी नुसती उभी असेल, तर तिला कलंडवायला शंभराच्या जरा पुढचा वारा लागतो, असा कागदावरचा हिशेब येतो. असा वारा वादळात असतो, आणि वादळात शहाणी माणसं घरी बसतात. मग गंमत अशी, की कॅरॅव्हॅन त्याहून कितीतरी कमी वाऱ्यात उलटतात. कधी पानही हलत नसतं अशा दिवशी उलटतात. ऑगस्टच्या लख्ख उन्हात, सरळसोट रस्त्यावर, चांगल्या गाडीमागे. वाऱ्यावर ठपका ठेवून मोकळं होता येत नाही, ते यामुळे.

ब्रिस्टलजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी हे प्रकरण मला नीट कळलं. भाचेजावयांनी एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली होती आणि आम्ही वेल्समध्ये समुद्रकिनारी चार दिवस जाणार होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते अंगणात ओणवे होऊन काहीतरी करत होते. जवळ गेलो तर कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवलेला, त्यावर फळी, फळीवर लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्यावर कॅरॅव्हॅनचं जोडणीचं तोंड टेकवलेलं.

“मामा, जरा वाकून आकडा वाचता का? मला इकडून दिसत नाही.”

“बावन्न.”

“कमी आहे.” त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन मागच्या पलंगाखालून तंबूचं गाठोडं आणि त्याचे लोखंडी खांब ओढत आणले, बरोबर चाकांच्या वर, मधल्या जमिनीवर ठेवले. तीसेक किलोंचा ऐवज असेल. मी पुन्हा वाकलो. एकाहत्तर.

“आता ठीक,” ते म्हणाले. “तेराशेच्या पाच ते सात टक्के हवं. म्हणजे पासष्ट ते नव्वद. पण आमच्या गाडीचा हूक पंच्याहत्तरच्या वर घेत नाही.”

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “म्हणजे गाडी उलाळ होती!”

हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. नाशकात वाढलेल्या माणसाला तो माहीत असायचं कारणही नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. उतरणीला, खाचखळग्यात उलाळ गाडी बैलांना आवरत नाही. उलट पुढे फार भरलं तर बैलांच्या मानेवर भार येतो आणि खांदे सुजतात. म्हणून गाडी भरणारा जाणता माणूस सगळ्यात जड पोतं आसावर ठेवतो आणि जुवावर किंचित भार राहील इतपतच पुढे झुकवतो. बैलगाडीलाही दोनच चाकं, कॅरॅव्हॅनलाही बहुधा एकच आस. युरोपातल्या कॅरॅव्हॅन क्लबांच्या पुस्तिकांत नाकावरच्या वजनाबद्दल जे लिहिलेलं असतं, ते आमच्या आजोबांच्या गड्याला पाठ होतं. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता एवढंच. तो जू हाताने उचलून बघायचा.

अमेरिकेत हाच आकडा दहा ते पंधरा टक्के सांगतात. तिथे ओढणाऱ्या गाड्या थोराड, ओढायच्या पेट्या जड आणि नाकावरचं वजन पुढच्या चाकांपर्यंत वाटून देणारे दांडे लावायची पद्धत. युरोपातल्या लहान गाडीच्या हुकाला तेवढं पेलवत नाही. म्हणून तिथे वेगावर लगाम आहे. जर्मनीत कॅरॅव्हॅन जोडली की महामार्गावर ताशी ८० ची मर्यादा. गाडी-पेटीचं वजन, टायरचं वय, झटकाशोषक वगैरे तपासून घेतलं तर १०० चं स्टिकर मिळतं. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, आणि तीन किंवा अधिक मार्गिका असतील तर सगळ्यात उजवी मार्गिका वर्ज्य.

पण नाकावर वजन असल्याने वाऱ्यात काय फरक पडतो? त्यासाठी जोडणीकडे बघावं लागतं. गाडीच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा एक लोखंडी गोळा असतो. त्यावर कॅरॅव्हॅनचं तोंड वाटीसारखं बसतं. हा गोळा गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे, मीटरभर अंतरावर असतो. म्हणजे कॅरॅव्हॅनने नाकाने डावीकडे ढोसलं, की गाडीचं ढुंगण डावीकडे सरकतं आणि तोंड उजवीकडे वळतं. मागच्या चाकांपासून गोळ्यापर्यंतचं ते मीटरभर अंतर म्हणजे पहारच. छोट्या ढुशीने मोठी गाडी हलवायला पुरेशी. वारा कॅरॅव्हॅनच्या अंगावर साधारण मध्यावर लागतो, आणि चाकं मध्याच्या जरा मागे असतात. त्यामुळे रेट्याचा काही भाग चाकं झेलतात आणि उरलेला गोळ्यातून गाडीकडे जातो.

वारा एकसारखा वाहत असेल तर हे सगळं सहन होतं. चालक स्टिअरिंग किंचित तिरकं धरतो, कॅरॅव्हॅन किंचित तिरकी चालते. खांदे अवघडतात, बाकी काही नाही. घोटाळा होतो तो वारा येतो-जातो तेव्हा. डोंगर खोदून केलेल्या खिंडीतून गाडी उघड्यावर आली, झाडांची रांग संपली, पुलाचा खांब मागे पडला, की अर्ध्या सेकंदात चारशे किलो येतात नाहीतर जातात. वारा थांबणं हाही धक्काच असतो, हे लक्षात यायला मला वेळ लागला. टेकून उभ्या असलेल्या माणसामागची भिंत काढून घेण्यासारखं आहे ते.

धक्का बसला की कॅरॅव्हॅनचं शेपूट एका बाजूला जातं. टायर त्याला परत ओढतात. ते मधोमध थांबत नाही, दुसऱ्या बाजूला जातं. पुन्हा परत. ब्रिटिश लोक याला साप चालणं अशा अर्थाचा शब्द वापरतात. इथून पुढे दोनच गोष्टी संभवतात. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जाईल आणि चार झोक्यांत गाडी शांत होईल. किंवा प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होईल. दोन्हींच्या मधली रेघ म्हणजे वेग. प्रत्येक जोडगाडीचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या खाली झोके विरतात, त्याच्या वर वाढतात. हा वेग कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो, आणि तो रोज वेगळा असू शकतो, कारण तो सामान कसं भरलंय त्यावर ठरतो.

वेगाचा आणि झोक्याचा संबंध काय, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. उत्तर टायरमध्ये आहे. फिरणारं चाक आडवं सरकू पाहतं, तेव्हा ते जिकडे तोंड करून आहे ती दिशा आणि प्रत्यक्ष जातंय ती दिशा यांत थोडा कोन पडतो. कोन जितका मोठा, तितक्या जोराने टायर विरोध करतो. समजा झोक्यात कॅरॅव्हॅनची चाकं सेकंदाला अर्धा मीटर या गतीने आडवी सरकताहेत. गाडी ताशी ५० ने चालली असेल तर हा कोन दोन अंशांचा होतो. १०० ने चालली असेल तर एकच अंश, कारण तेवढ्या वेळात चाक पुढे दुप्पट गेलेलं असतं. झोका तोच, पण त्याला आवरणारा हात निम्मा झाला. म्हणजे वेग वाढवल्याने झोका थेट वाढतो असं नाही; झोक्याला माफ करण्याची रस्त्याची ऐपत कमी होते.

साखर कारखान्यांच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या पाहिल्या आहेत ना? मागची ट्रॉली सतत शेपूट हलवत असते. दुचाकीवाल्यांच्या काळजाचं पाणी होतं, पण एवढी वाकडीतिकडी भरलेली ट्रॉली केवळ त्या हलण्याने उलटत नाही. ती पंचवीसच्या वेगात असते, टायरचा कोन मोठा पडतो, झोका जागीच मरतो. (ती उलटते ती बहुधा वळणावर, नाहीतर खड्ड्याने. तो वेगळा विषय आहे.) हीच ट्रॉली जीपमागे बांधून ऐंशीने पळवली तर काय होईल, याची कल्पनाही नको.

झोका वाढत जातो तेव्हा त्याला ताकद कोण पुरवतं? वारा नाही. तो तर एक ढुशी देऊन निघून गेलेला असतो. ताकद येते गाडीच्या पुढे जाण्यातून, म्हणजे आपणच पेट्रोल जाळून जमवलेल्या गतीतून. चालक त्यात स्वतःच्या हाताने भर घालतो ती निराळी. एक पूर्ण झोका साधारण दीड-दोन सेकंदांचा असतो. शेपूट डावीकडे गेलेलं आरशात दिसणं, ते मेंदूला कळणं, हाताने स्टिअरिंग फिरवणं, या सगळ्याला जवळपास सेकंद जातो. तोवर शेपूट उजवीकडे निघालेलं असतं. म्हणजे सावरायला दिलेला झटका नेमका झोपाळ्याला दिलेल्या झोक्यासारखा लागू पडतो. जितका घाबरलेला चालक, तितका मोठा झोका.

म्हणून नियम असा, की स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि प्रवेगकावरून पाय हळूच काढायचा. ब्रेक दाबायचा नाही. युरोपातल्या कॅरॅव्हॅनचा ब्रेक गोळ्यावरच्या ढकलीने लागतो. गाडी थांबू लागली की कॅरॅव्हॅन मागून ढकलते, त्या ढकलीनेच तिचे ब्रेक ओढले जातात. सरळ असताना ही युक्ती झकास. पण कॅरॅव्हॅन तिरकी असताना गाडीने करकचून ब्रेक मारला, तर मागचे तेराशे किलो गाडीच्या ढुंगणाला तिरपे ढकलतात आणि दोघी चाकूसारख्या मिटतात. अमेरिकेत कॅरॅव्हॅनचे विजेवरचे ब्रेक वेगळे लावता येतात. तिथे फक्त मागचे ब्रेक हलके दाबले की पेटी ताणून सरळ होते. एक जुना सल्ला अजून कानावर येतो: शेपूट हललं की वेग वाढवा, दोर ताणल्यासारखी गाडी सरळ होईल. क्षणभर होतेही. पण वाढलेला वेग त्या न लिहिलेल्या रेघेच्या आणखी वर नेऊन सोडतो. हा सल्ला देणारे नशीबवान होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता तंबूच्या खांबांकडे पुन्हा येऊ. मागच्या पलंगाखालून मधे आणल्याने नाकावरचं वजन वाढलं, तो एक फायदा. दुसरा मला त्याहून मोलाचा वाटतो. खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. दोन टोकांना दोन भरलेले हंडे. त्याला गर्रकन वळता येत नाही, आणि एकदा वळू लागला की थांबताही येत नाही. हंडे त्याला ओढून नेतात. तेच दोन हंडे छातीशी धरले तर वजन तेवढंच, पण माणूस जागच्या जागी वळतो आणि थांबतो. कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला सायकली आणि जादा चाक, पुढच्या टोकाला गॅसची टाकी, अशी भरणी म्हणजे कावड. मापात सगळं बरोबर येईल, नाकावर पाच टक्के भरतीलही, आणि तरीही झोका एकदा सुरू झाला की विरणार नाही. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात अभियंत्यांनी वजनं पुढे-मागे सरकवता येतील असा चाचणीचा ट्रेलर गाडीमागे पळवून हे तपासलं. स्थैर्यावर सर्वांत जास्त परिणाम करणाऱ्या गोष्टींत त्यांना वजनाची ही विभागणी, नाकावरचा भार आणि आसाची जागा या सापडल्या.

आम्ही निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. ब्रिस्टलकडून वेल्सला जाताना सेव्हर्न नदीवर दोन पूल आहेत. १९६६ सालचा जुना जोराच्या वाऱ्यात बंद ठेवावा लागतो. १९९६ चा नवा त्याच्या खालच्या अंगाला आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना वारा अडवणारे उंच कठडे आहेत. नव्या पुलावर काहीच जाणवलं नाही. धडा मिळाला तो पुढे, साध्या सपाट रस्त्यावर. उजवीकडून एक मोठी बस आम्हाला ओलांडू लागली. ती मागे असतानाच कॅरॅव्हॅनचं शेपूट डावीकडे सरकल्यासारखं वाटलं. मग बस शेजारी आली आणि शेपूट उजवीकडे, बसकडे खेचलं गेलं. मग आमची गाडीच डावीकडे ढकलली गेली. जावयांनी काही केलं नाही. म्हणजे खरंच काही केलं नाही: दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच, फक्त पाय उचलला. तीन झोके मी मोजले. चौथा आला नाही. मी दाराच्या वरची कडी सोडली तेव्हा बोटं पांढरी पडली होती.

वारा नव्हता, पण वारा होताच. बस आपल्यापुढे हवा ढकलत नेते, बोट पाण्यात लाट ढकलते तशी. ती लाट आधी आपल्या शेपटावर आदळते. मग बसचं लांबलचक अंग आणि आपलं अंग यांच्यातल्या चिंचोळ्या फटीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि दोघं एकमेकांकडे ओढले जातात. म्हणूनच मोठं वाहन मागून येताना दिसलं की त्याच्यापासून जमेल तेवढं बाजूला सरकायचं, आणि ते शेजारी यायच्या आत पाय थोडा उचलायचा. अंतर वाढलं की ही ओढ झपाट्याने कमी होते.

वेग कमी करण्याचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. वारा ताशी ५४ ने आडवा येत असेल आणि आपण ९० ने जात असू, तर कॅरॅव्हॅनला लागणारा एकूण वारा १०५ चा असतो, तिरका. तोच आपण ५० ने गेलो तर ७४ चा. आडवा रेटा या हिशेबाने सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. वारा आपल्या हातात नसतो हे म्हणणं, गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत तरी, पुरतं खरं नाही.

वाऱ्याचा सर्वांत जास्त विचार केलेली माणसं या धंद्यात विमानाकडून आली, हे मला फार आवडतं. ग्लेन कर्टिस हा अमेरिकन वैमानिक. १९०९ साली फ्रान्समध्ये रँस इथे झालेल्या विमानांच्या शर्यतीत त्याने वेगाचं बक्षीस जिंकलं होतं. विसाच्या दशकात त्याने एक ओढायचं घर बनवलं आणि जोडणी गाडीच्या शेपटाला न ठेवता पुढे आणून मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली. त्यात त्याने हवा भरलेलं एक चाकच आडवं बसवलं होतं, हिसके पिऊन टाकायला. वर मी ज्या मीटरभर पहारीचा उल्लेख केला, ती त्याने काढूनच टाकली. पहार नाही तर ढुशीने गाडी वळणार कशी? आज कंटेनरचे ट्रेलर ओढणारे ट्रक तसेच जोडलेले असतात. कौटुंबिक गाडीच्या डिकीत मात्र ही जोडणी मावत नाही, म्हणून गोळा शेपटाला तो शेपटालाच राहिला.

दुसरा हॉली बोलस. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारा हा माणूस. १९३४ साली त्याने ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेली, थेंबासारख्या आकाराची कॅरॅव्हॅन काढली. तीच कल्पना दोन वर्षांनी वॉली बायमने एअरस्ट्रीम या नावाने पुढे नेली आणि ती चकाकती रुपेरी पेटी अमेरिकेची ओळख होऊन बसली. समोरचा वारा कापायला तो आकार उत्तम. आडव्या वाऱ्याला गोल कडांमुळे थोडाफार उतार मिळतो, पण शेवटी सहा मीटरची भिंत ती भिंतच. बोलसपेक्षा कर्टिसने वाऱ्याची दुखरी नस बरोबर पकडली होती असं माझं मत. लोकांनी मात्र दिसायला छान ते उचललं.

आज मदतीला यंत्रं आहेत. गोळ्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे घर्षणाचे जबडे मिळतात. ते झोक्याला सांध्यातच रोखायचा प्रयत्न करतात. त्यासाठी गोळा कोरडा ठक्क लागतो. ग्रीस लावायची सवय असलेल्या माणसाने प्रेमाने तो माखून ठेवला की पैसे पाण्यात. जर्मनीतल्या काही कंपन्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कॅरॅव्हॅनच्याच बुडाला एक पेटी बसवली. तिला शेपटाचं आडवं हलणं कळतं आणि मर्यादा ओलांडली की ती कॅरॅव्हॅनचे ब्रेक स्वतःच लावते. नव्या मोटारींतही झोका ओळखून डाव्या-उजव्या चाकांना आळीपाळीने ब्रेक लावणारी योजना असते. तिचा हात माणसासारखा सेकंदभर उशिरा येत नाही, हे तिचं बळ. पण उलाळ भरलेल्या गाडीला ती सुधारत नाही, फक्त वेळेवर आवरते.

जोडणीतली चूक वारा शोधून काढतो, याचं सगळ्यात भयानक उदाहरण रस्त्यावरचं नाही, रुळावरचं आहे. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलावर २ जानेवारी २०१९ च्या सकाळी वादळी वारा होता. मालगाडीच्या वाघिणीवर चढवलेला एक रिकामा ट्रेलर वाऱ्याने सरकला आणि समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळला. आठ माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं, की ट्रेलरची मुख्य पिन वाघिणीवरच्या खोबणीत कुलूपबंद झालेली नव्हती. वारा जोराचा होता यात शंका नाही. पण त्याच्या आधी, कुठल्यातरी शांत मालधक्क्यावर, एक पिन बसली नव्हती.

वेल्समधले चार दिवस छान गेले. परतायच्या आदल्या रात्री जावई मोबाइलवर हवामान बघत बसले होते. अंदाज ताशी ३० मैलांच्या वाऱ्याचा होता, म्हणजे ४८ किलोमीटर. मला तो फार वाटला नाही. त्यांनी बोटाने पडदा वर सरकवून दुसरी ओळ दाखवली: झोत ५० मैलांचे, ८० किलोमीटर. पहिला आकडा दहा मिनिटांची सरासरी असते, तीही मोकळ्या मैदानात. गाडीला सरासरी लागत नाही, झोत लागतात.

रात्री वारा सुटला. चारी कोपऱ्यांचे लोखंडी पाय जमिनीला टेकवलेले असूनही कॅरॅव्हॅन झोपाळ्यावर बसल्यासारखी हलत होती आणि कपाटातले चमचे किणकिणत होते. सकाळी भाचीने चहा ठेवला. समोरच्या तळावरून एक कुटुंब आवराआवर करून निघालं. त्यांच्या कॅरॅव्हॅनच्या मागे चार सायकली टांगलेल्या होत्या. जावई खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिले, ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत. मग त्यांनी फोन उचलला आणि ऑफिसला कळवलं, की उद्याही येणार नाही.